नव्याने चूल मांडणाऱ्या नायिका

वाचनालयात कादंबरी बदलावयास येणाऱ्या वाचकांचा, विशेषतः बायकांचा, एक प्रश्न ठरलेला असतो : “शेवट गोड आहे ना?” या प्रश्नाला आपल्या टीकाकारांनी आजवर फारसा मान दिलेला नाही. शेवट विचारून पुस्तक घेणारा वाचक म्हणजे कच्चा वाचक, त्याला वाङ्मय नको असते, दुपारची झोप यावी एवढेच हवे असते, असे समजण्याची आपल्याकडे रीत आहे. त्यातही ज्या कादंबऱ्यांत एखादी बाई मोडलेला संसार मागे टाकून नव्याने उभी राहते, तिला कुठेतरी आसरा मिळतो, चार माणसे जोडली जातात आणि शेवटच्या पानावर ती सुखाने श्वास घेते, त्या कादंबऱ्यांची तर “जिव्हाळ्याच्या” म्हणून बोळवण होते. जिव्हाळा हा शब्द टीकेत शिवीसारखा वापरता येतो हे या निमित्ताने कळते.

या जातीच्या कादंबऱ्या का वाचल्या जातात, त्या आतून कशा रचलेल्या असतात आणि त्यांतील कोणती खरा धीर देते व कोणती नुसती गुंगी आणते, हे समजावून घेणे हा या लेखाचा हेतू आहे. विषय वरवर हलका वाटेल. पण मराठी कादंबरीचा इतिहास उघडून पाहिला तर दिसते की, आयुष्य मोडलेल्या बाईचे पुढे काय करावयाचे, हा प्रश्न या वाङ्मयप्रकाराच्या पाळण्यातच त्याच्या शेजारी निजलेला होता.

विधवाविवाहाला मान्यता देणारा कायदा १८५६ साली झाला. पुढच्याच वर्षी, १८५७ साली, बाबा पदमनजी यांचे ‘यमुनापर्यटन’ प्रसिद्ध झाले. मराठीतील पहिली कादंबरी म्हणून या पुस्तकाचा उल्लेख केला जातो. यमुना आपल्या पतीबरोबर प्रवास करते, ठिकठिकाणच्या विधवांची दैना पाहते, आणि पुढे तिच्यावरच तो प्रसंग येतो. ग्रंथकार ख्रिस्ती झालेले होते आणि पुस्तकाचा धर्मप्रचाराचा हेतू लपलेला नाही. यमुना अखेरीस ख्रिस्ती होते आणि तिचा पुनर्विवाह होतो. रचनेच्या दृष्टीने पुस्तक बाळबोध आहे. पण एवढे ध्यानात घ्यावे की, मराठी कादंबरीने पहिले पाऊल टाकले ते एका विधवेला नव्याने जगण्यास लावून.

त्यानंतर सुमारे तेहतीस वर्षांनी दुसरी यमुना आली. हरि नारायण आपटे यांची ‘पण लक्ष्यांत कोण घेतो!’ ही कादंबरी १८९० पासून ‘करमणूक’ पत्रात क्रमाक्रमाने येऊ लागली. हिची नायिकाही यमुनाच, घरच्यांची यमू. ती आपली हकिकत स्वतःच्या तोंडाने सांगते; माहेरचे बालपण, सासरचा जाच, मग मुंबईतील बिऱ्हाडात नवऱ्याच्या संगतीत मिळालेले थोडे मोकळे दिवस. हे दिवस वाचताना वाचकाला वाटू लागते की आता हिचे बरे होणार. तेवढ्यात नवरा जातो, शंकरमामंजींच्या हाती सूत्रे येतात, तिचे केशवपन बळजबरीने केले जाते आणि ती फार दिवस जगत नाही.

दोघींचे नाव एक, दोघींवरचे संकट एक, शेवट मात्र उलटे. कायदा तर दोघींनाही सारखाच उपलब्ध होता. मग ज्या कादंबरीत कला थोडी तिच्यात नायिका जगली आणि जिच्यात कला थोर तिच्यात मेली, हे कसे? सरळ उत्तर असे की हरिभाऊ सत्य सांगत होते. सरकारच्या दप्तरात पुनर्विवाहाची परवानगी होती. पण यमूच्या घराच्या उंबऱ्यापर्यंत ती पोहोचली नव्हती. बाई घरातून निघाली तर रात्री निजणार कुठे, खाणार काय, तिच्याशी बोलणार कोण, याची सोय ज्या समाजात नाही, तेथे नायिकेला सुखरूप पार लावणे म्हणजे वाचकाला फसवणे होते. हरिभाऊंनी वाचकाला अस्वस्थ करून घरी पाठवले. शीर्षकातील प्रश्न त्यालाच उद्देशून होता.

हे सगळे मान्य करूनही एक गोष्ट उरते. महाराष्ट्र यमूसाठी डोळे पुसत होता, त्याच सुमारास काही यमुना प्रत्यक्षात जगू लागल्या होत्या. पंडिता रमाबाईंनी १८८९ साली मुंबईत शारदासदन काढले. तेथील पहिल्या विद्यार्थिनींत गोदूबाई नावाची एक बालविधवा होती. लग्नानंतर काही महिन्यांतच तिचे कुंकू पुसले गेले होते. १८९३ साली तिचा धोंडो केशव कर्वे यांच्याशी पुनर्विवाह झाला आणि ती आनंदीबाई कर्वे झाली. मुरूडच्या गावकऱ्यांनी कर्व्यांवर बहिष्कार घातला, तरी बाया, म्हणजे आनंदीबाई, पुरून उरल्या. १८९६ साली कर्व्यांनी अनाथ बालिकाश्रम काढला, १९०० साली तो हिंगण्याच्या माळावर गेला. आनंदीबाईंची धाकटी बहीण पार्वतीबाई आठवले ही एका मुलाची आई असलेली विधवा. मोठ्या वयात ती शिकू लागली, आश्रमाच्या कामात पडली, गावोगाव फिरून वर्गणी गोळा करू लागली आणि १९१८ साली, इंग्रजीचा भरवसा नसताना, अमेरिकेला गेली. तेथे लोकांच्या घरी कामे करून ती राहिली.

या बहिणींनी पुढे आपापली हकिकत सांगितली. पार्वतीबाईंची ‘माझी कहाणी’ १९२८ साली आली, आनंदीबाईंचे ‘माझे पुराण’ १९४४ साली. मध्यंतरी १९३४ पासून लक्ष्मीबाई टिळकांची ‘स्मृतिचित्रे’ भागाभागाने प्रसिद्ध झाली. लक्ष्मीबाईंचा नवरा जिवंत होता. पण १८९५ साली त्यांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला आणि या बाईला आपले आयुष्य, आपले सोवळे, आपली माणसे, सगळे पुन्हा पहिल्यापासून लावावे लागले. काही वर्षे नवऱ्यापासून दूर काढून ती त्याच्याकडे परतली आणि १९०० साली स्वतः विचार करून ख्रिस्ती झाली. एवढी उलथापालथ सांगताना तिची विनोदबुद्धी क्षणभरही तिला सोडून जात नाही.

मला असे वाटते की आपल्याकडे नव्याने उभ्या राहणाऱ्या बाईच्या ज्या खऱ्या जिव्हाळ्याच्या कादंबऱ्या, त्या ही आत्मचरित्रेच होत. कादंबरीकारांना जे पटण्याजोगे लिहिता येत नव्हते ते या बायका जगून मोकळ्या झाल्या होत्या. आणि ‘शेवट गोड आहे ना?’ असे विचारणाऱ्या वाचकाला जे पाहिजे असते, ते या पुस्तकांत शब्दशः मिळते. हे पुढे होऊ शकते का, याची त्याला साक्ष हवी असते.

आता ही साक्ष कशाने खरी ठरते ते पाहू. नव्याने सुरुवात म्हटली की आपल्या डोळ्यांपुढे एक प्रसंग उभा राहतो : बाई दार लोटून बाहेर पडते. नाटकाला तो प्रसंग चांगला. कादंबरीला मात्र दार लोटल्यानंतरची दुसरी सकाळ सांगावी लागते, आणि तेथेच तिची परीक्षा होते. वर उल्लेखिलेल्या आत्मचरित्रांत निश्चयाचे क्षण थोडे आणि सोयी-गैरसोयींचे हिशेब फार आहेत. त्या हिशेबांकडे नीट पाहिले तर तीन खाती दिसतात : छप्पर, पैसा आणि सोबत. ही तिन्ही खाती ज्या कादंबरीत भरलेली असतात तिचा गोड शेवट पटतो. एकही कोरे असेल तर लेखकाने मध्येच हात आखडला असे समजावे.

छपराचा विचार आधी करू. आनंदीबाईंना शारदासदन मिळाले नसते तर त्यांचा भाऊ कितीही सुधारक असता तरी गोष्ट पुढे सरकली नसती. हिंगण्याच्या आश्रमाचे महत्त्व शिकवण्यात होते तितकेच रात्री निजावयास जागा देण्यात होते. म्हणून अशा कादंबऱ्यांत जागेला एवढे स्थान असते. एखादे जुने घर, दुकानावरची खोली, वसतिगृहातील खाट यांचे वर्णन पाने च्या पाने चालते आणि वाचकाला त्याचा कंटाळा येत नाही. टीकाकाराला ते वर्णन पाल्हाळ वाटते. ज्या बाईला माहेर म्हणजे भावाचे घर आणि सासर म्हणजे दिराचे घर, तिला खिडकी कोणत्या दिशेला उघडते हे वाचण्यात गोडी का वाटते, हे सांगावयास नको.

दुसरे खाते पैशाचे. येथे एका इंग्रजी कादंबरीचे उदाहरण देतो, कारण ती या जातीची आदिमाता म्हणता येईल आणि तिचा विषयही वसंत ऋतूच आहे. एलिझाबेथ फॉन आर्निम या लेखिकेची ‘द एन्चांटेड एप्रिल’ ही कादंबरी १९२२ साली निघाली. लंडनमधील पावसाळी फेब्रुवारीत दोन संसारी बायका वर्तमानपत्रात एक जाहिरात वाचतात : इटलीच्या किनाऱ्यावरील एक लहानसा किल्ला एप्रिल महिन्यापुरता भाड्याने देणे आहे. भाडे साठ पौंड. दोघींना ते झेपत नाही, म्हणून त्या आणखी दोघींना गाठतात आणि प्रत्येकीच्या वाट्याला पंधरा पौंड येतात. त्यांतील मिसेस विल्किन्सची शिल्लक आहे ती कपड्यांच्या पैशांतून वाचवलेली. आणि काटकसर करण्याचा उपदेश तिला नवऱ्यानेच केलेला असतो! पुढे फुले आहेत, समुद्र आहे, मने मोकळी होणे आहे. पण ही सगळी फुले साठ पौंडांच्या कुंडीत लावलेली आहेत, हे लेखिका आपल्याला विसरू देत नाही. म्हणून इतका गोड माल असूनही ती कादंबरी शंभर वर्षे टिकली.

तिसरे खाते सोबतीचे. जेन ऑस्टिनची ‘पर्स्युएशन’ ही कादंबरी लेखिकेच्या मृत्यूनंतर, १८१७ च्या अखेरीस प्रसिद्ध झाली. तिची नायिका ॲन एलियट सत्तावीस वर्षांची आहे; आठ वर्षांपूर्वी वडीलधाऱ्यांचे ऐकून तिने आपल्या आवडीच्या माणसाला नकार दिलेला आहे. घरात तिची किंमत शून्य. शेवटी तो माणूस तिला पुन्हा लाभतो, म्हणून ही प्रेमकथा म्हणून वाचली जाते. पण मध्ये एक गौण पात्र आहे, मिसेस स्मिथ : विधवा, आजारी, गरीब, दोन खोल्यांत पडून हातांनी विणकाम करणारी आणि तरीही मन प्रसन्न ठेवणारी. ॲन श्रीमंत नातलगांचे आमंत्रण टाळून या जुन्या मैत्रिणीकडे जाते, तेथे तिची नवी सुरुवात अर्धी होऊन गेलेली असते. कोणाकडे जावयाचे हे तिने स्वतः ठरवलेले असते. आणि शेवटी लेखिका मिसेस स्मिथलाही विसरत नाही. तिच्या नवऱ्याची वेस्ट इंडीजमधील अडकलेली मिळकत सोडवून देऊन मगच पुस्तक मिटते. पैसा आणि सोबत ही खाती एकमेकांशी कशी जोडलेली असतात, याचे हे सुंदर उदाहरण होय.

मराठी कादंबरीत ही खाती हळूहळू भरत गेली, आणि त्याचे कारण केवळ लेखकांची प्रतिभा नव्हे. विभावरी शिरूरकर या टोपणनावाने मालतीबाई बेडेकरांनी १९३३ साली ‘कळ्यांचे निःश्वास’ लिहून खळबळ उडवली आणि १९३४ साली ‘हिंदोळ्यावर’ ही कादंबरी दिली. तिची नायिका अचला शिकलेली आहे. नवऱ्यापासून दुरावलेली आहे आणि दुसऱ्या पुरुषाशी नाते जोडू पाहते. छप्पर आहे, पैसा मिळवण्याची पात्रता आहे. पण बडोदे संस्थानाने १९३१ साली घटस्फोटाचा कायदा केला असला तरी ब्रिटिश मुलखातील हिंदू पत्नीला तो मार्ग नव्हता. नवरा सुटत नाही, म्हणून नवे घर समाजाच्या दृष्टीने घर होत नाही. नायिका हिंदोळ्यावर आहे याचे एक कारण मनात आहे आणि दुसरे कायद्याच्या पुस्तकात आहे. मुंबई राज्यात घटस्फोटाचा कायदा १९४७ साली आला. सबंध देशासाठी हिंदू विवाह कायदा १९५५ साली झाला. विधवेला मिळकतीत मर्यादित हक्क १९३७ साली मिळाला, पूर्ण मालकी १९५६ साली, आणि वडिलोपार्जित एकत्र मिळकतीत मुलीला मुलाच्या बरोबरीचा वाटा तर २००५ साली. कादंबरीतील गोड शेवट आणि कायद्यातील कलमे यांच्या तारखा शेजारी शेजारी लावून पाहाव्या. गोडवा कुठून आला ते कळते.

पुढे शांता गोखले यांची ‘रीटा वेलिणकर’ ही कादंबरी १९९० साली आली. रीटा मिळवती आहे. घरच्यांचा भार तिने वर्षानुवर्षे वाहिलेला आहे, विवाहित पुरुषाशी तिचे दीर्घ काळचे नाते आहे, आणि एके दिवशी ती मनाने कोसळते. यमूच्या काळात बाईला पैसा नव्हता म्हणून ती मेली. रीटापाशी पैसा आहे, कायदा आहे, तरी ती मोडते. तेव्हा तिला उभे करते ती काय? रुग्णालयातील विसावा, मैत्रिणीची सोबत आणि आपल्या आयुष्याचा हिशेब आपणच पुन्हा मांडण्याची सवड. म्हणजे पहिली दोन खाती भरली म्हणून तिसऱ्याची गरज संपत नाही.

आता एका आक्षेपाला उत्तर देणे प्राप्त आहे. असे म्हणतात की या कादंबऱ्या वाचून बाई समाधान पावते आणि पुस्तक मिटून पुन्हा त्याच स्वयंपाकघरात जाते. नायिकेने केलेले धाडस वाचकाच्या धाडसाची जागा घेते. हा आक्षेप खोटा नाही. ज्या कादंबरीत बाई घर सोडते आणि तिसऱ्या प्रकरणात तिला दूरच्या आत्याचा वाडा वारसाहक्काने मिळतो, चौथ्यात एक सज्जन विधुर शेजारी राहावयास येतो, आणि कोठेही भाड्याची पावती, मुलांची फी, नातलगांची बोलणी किंवा रात्रीचा एकटेपणा येत नाही, ती कादंबरी साखरेची पुडी आहे. तिने पोट भरत नाही आणि जेवणाची इच्छाही मरते.

पण याच न्यायाने रडवणाऱ्या कादंबरीचीही झडती घ्यावयास हवी. नायिका मेली की वाचक हळहळतो, डोळे पुसतो आणि आपण कनवाळू आहोत अशी खात्री पटून निर्धास्त झोपी जातो. मेलेल्या बाईला भाड्याची खोली द्यावी लागत नाही. जगलेल्या बाईला द्यावी लागते. हरिभाऊंच्या वाचकांपैकी काहींनी हिंगण्याला वर्गणी दिली असेल, काहींनी नुसताच उसासा टाकला असेल. तेव्हा शेवट गोड की कडू, यावरून पुस्तकाची प्रत ठरत नाही. पुस्तकाने वाचकाला साधने दाखवली की केवळ भावना पुरवली, यावरून ठरते.

म्हणून अशी कादंबरी हाती घेणाऱ्या वाचकाने चार साधे प्रश्न मनाशी ठेवावे. नायिका पहिल्या रात्री कुठे निजली? महिनाअखेर तिच्या हाती किती पैसे होते आणि ते कोणाचे होते? तिच्या मदतीला आलेल्या माणसाने मदत का केली? आणि चौथा प्रश्न, जो आपण सहसा विचारीत नाही : तिची नवी सुरुवात कोणाच्या श्रमावर झाली? नोकरीला निघालेल्या नायिकेचे मूल सांभाळणारी, तिची धुणीभांडी करणारी एक बाई बहुतेक कादंबऱ्यांत असते. तिला नाव असते, कधी तेही नसते. तिचा नवरा दारू पितो एवढे आपल्याला सांगितले जाते. ती नव्याने कधी सुरुवात करणार, हे विचारावयास कोणी थांबत नाही. ऑस्टिनने मिसेस स्मिथला विसरू दिले नाही, हा तिचा मोठेपणा यासाठी सांगितला.

आणखी एक सुचवावेसे वाटते. कडू आणि गोड पुस्तके जोडीने वाचावीत. ‘पण लक्ष्यांत कोण घेतो!’ वाचून झाले की लगेच ‘माझे पुराण’ घ्यावे. पहिल्याने कळते की दार किती घट्ट बंद होते. दुसऱ्याने कळते की ते कोणत्या बिजागरीवर फिरले. एकटे पहिले वाचले तर निराशा येते. एकटे दुसरे वाचले तर दार मुळी जड नव्हतेच असे वाटू लागते, आणि ज्यांनी खांदा लावला त्यांचे श्रम आपण विसरतो.

घरातील सून, लेक किंवा आई दुपारी अशी कादंबरी घेऊन बसली असेल तर तिला हसू नये. तिला काय हवे आहे हे ती बोलून दाखवीलच असे नाही. कदाचित नुसता विरंगुळा हवा असेल. त्यातही वावगे काही नाही. पण कदाचित ती छप्पर, पैसा आणि सोबत यांचा हिशेब करीत असेल, आणि पुस्तकातील नायिकेच्या आकड्यांशी स्वतःचे आकडे ताडून पाहत असेल. तसे असेल तर तिला बेरीज बरोबर असलेले पुस्तक मिळावे, एवढी काळजी लिहिणाऱ्यांनी, निवडणाऱ्यांनी आणि वाचनालये चालवणाऱ्यांनी घ्यावी.